उपाशी रांग

माझ्या सासऱ्यांकडे मधमाश्यांच्या दहा पेट्या आहेत आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं की हा मोठा जाणकार दिसतोय. मी बेकरीत काम करतो. कणीक आंबवणं, पाव भाजणं आणि दुपारी घरी येऊन चिडचिड करणं, एवढंच मला येतं.

सासऱ्यांच्या घरी राहतो म्हणून लोक मला घरजावई म्हणतात. पूर्वी राग यायचा. आता बायकोला जाऊन दोन वर्षं झाली तरी लोक म्हणतातच, आणि राग यावा की नाही हेच मला कळत नाही. बायको नसलेला घरजावई म्हणजे नेमका कोण? भाडेकरू म्हणावं तर भाडं देत नाही. मुलगा म्हणावं तर सासरे अजून मला ‘जावईबापू’ म्हणतात, अहो-जाहो करतात आणि चहाचा पहिला कप माझ्यापुढे ठेवतात. कोणी खोदून विचारलंच तर मी सांगतो, म्हाताऱ्या माणसाला एकटं कसं सोडायचं? लोक मान डोलावतात. मलाही जरा बरं वाटतं.

तर माश्या. गेल्या वर्षी फुलोरा संपला आणि टंचाईचे दिवस लागले, तेव्हा निम्म्या पेट्या रिकाम्या झाल्या. साखरेचं पाणी दिलं तर माशी स्वतः जगते, पण पिल्लं वाढवायला तिला पराग लागतो. पराग नाही तर पिल्लं नाहीत, आणि पिल्लं नाहीत म्हटल्यावर म्हाताऱ्या माश्या एकेक करून गळतात आणि पेटी ओस पडते. सासऱ्यांनी रिकाम्या पेट्या धुऊन अंगणात पालथ्या घातल्या आणि जेवताना शांतपणे म्हणाले, “पुढच्या टंचाईत पुन्हा असंच झालं तर सगळं विकून टाकू. मी आपला थोरलीकडे जाऊन राहतो.”

मला ठसका लागला. थोरली म्हणजे त्यांची मोठी मुलगी, माझी आकडसासू. बायको तिला ताई म्हणायची म्हणून मीही म्हणतो. ती दूरच्या शहरात राहते आणि दर रविवारी फोनवर वडिलांना बोलावते. इतके दिवस ते ‘बघू’ म्हणून विषय टाळायचे. आता म्हाताऱ्याने स्वतःच तोंडाने जायचं नाव काढलं होतं. त्या शहरात, सातव्या मजल्यावर, ह्या माणसाने करायचं काय? मी ठरवलं, काहीही होवो, ह्या माश्या मरू द्यायच्या नाहीत.

फुलोरा परत आला तेव्हा सासऱ्यांनी उरलेल्या पेट्यांचे भाग करून पुन्हा दहा केल्या. एका दुपारी त्यांनी मला पेटीतली, पोळं धरलेली एक चौकट उन्हात धरून दाखवली. मेणाच्या बारीक घरांमध्ये माश्यांनी पराग ठासून भरला होता, पिवळा, केशरी, मातकट. मी नाक जवळ नेलं आणि चमकलो. वास ओळखीचा होता. आंबट, किंचित फळासारखा.

“बाबा, हे आंबलंय!”

“आंबणारच. पराग नुसता खात नाहीत त्या. मध लावतात, डोक्याने ढुशा देऊन दाबतात, आंबू देतात. मग पिल्लांना देतात.”

म्हणजे ह्या माश्या आमच्याच धंद्यातल्या निघाल्या. मी म्हटलं, पराग आधीच साठवून मीच आंबवून ठेवला तर? सासरे म्हणाले, “करून बघा.” त्यांचा उत्साह बेताचाच होता, पण ते मला तेव्हा दिसलं नाही. मला माझाच उत्साह पुरत होता.

पेटीच्या दारात बारीक जाळी लावली की आत शिरताना माशीच्या पायांवरचे परागाचे गोळे घासून खालच्या ताटलीत पडतात. रोज थोडे थोडे काढायचे, सगळे नाही. बाहेरचा विकतचा पराग नको, असं सासऱ्यांनी बजावलं होतं, त्यातून रोग येतो. मी घरचाच पराग वाळवला, आमच्या बेकरीतल्या चक्कीत दळला, त्यात मध आणि उकळून निवलेलं पाणी घातलं, आणि पोळ्यातला जुना आंबलेला पराग खरवडून त्याचं विरजण लावलं. पहिल्या बरणीला बुरशी आली. दुसरीत मी मिश्रण मुठीने दाबून बसवलं, हवा राहू दिली नाही, वर मधाचा थर ओतला आणि बरणी भट्टीच्या वरच्या फळीवर उबेला ठेवली. बेकरीच्या मालकीणबाईंनी नाकाला पदर लावला. “सासऱ्यांचे मोजे मुरत घातलेस का रे?” त्या म्हणायच्या. पण काही दिवसांनी त्या बरणीतून तोच वास आला, चौकटीतला, आणि मी एकटाच भट्टीसमोर उभा राहून हसलो. बायको गेल्यापासून मी एवढा खूश झालो नव्हतो.

ताई तेव्हा दोन दिवसांसाठी आली होती. ती औषधांच्या कंपनीत तपासणीच्या कामावर आहे, त्यामुळे माणसांकडेही नमुना आल्यासारखी बघते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “निम्म्या पेट्यांना द्या, निम्म्यांना देऊ नका.”

“का? सगळ्यांना देतो की.”

“सगळ्यांना दिलंत आणि सगळ्या जगल्या, तर तुमच्या ह्या पिठाने जगल्या की वर्ष बरं होतं म्हणून, हे कसं कळणार?”

मुद्दा बिनतोड होता. त्याचाच मला राग आला. शेवटी ठरलं ते असं. भिंतीकडच्या पाच पेट्यांना माझ्या आंबवलेल्या परागाचे गोळे. कुंपणाकडच्या पाच पेट्यांना फक्त साखरेचं पाणी. टंचाई संपता संपता ताई येऊन बघेल. भिंतीकडची रांग उजवी ठरली तर पेट्या पुढेही चालू आणि बाबा इथेच. फरक दिसला नाही तर बाबा तिच्याबरोबर जातील. “मंजूर?” तिने विचारलं.

“बरं,” सासरे म्हणाले. त्यांचं लक्ष कुंपणाकडे होतं.

टंचाई लागली. मी बेकरीतल्या बटर पेपरवर गोळे थापून भिंतीकडच्या पेट्यांमध्ये चौकटींच्या डोक्यावर ठेवू लागलो. माश्या त्यावर अशा तुटून पडायच्या की कागदाचीही चाळण व्हायची. पहिल्या तपासणीला मला नाचावंसं वाटलं. भिंतीकडे चौकटी माश्यांनी काळ्याभोर झालेल्या, पिल्लांची बंद घरं ओळीने. कुंपणाकडे मात्र विरळ कारभार. मी ताईला फोन करून सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, “बघू.” त्या घराण्याचं आवडतं उत्तर आहे ते.

दुसऱ्या तपासणीला घोडं पेंड खाऊ लागलं. भिंतीकडची सर्वांत जोरदार पेटी खाली आली होती. आणि कुंपणाकडची मधली पेटी, जी आता आटोपणार असं मी धरून चाललो होतो, तिच्यात तळहाताएवढा पिल्लांचा पट्टा! ताजा, गच्च. आला कुठून? मी झाकण लावलं, परत उघडलं. पट्टा तिथेच होता. माशीने मात्र तेवढ्यात माझ्या मनगटाला डंख मारला.

तिसऱ्या तपासणीला तर सगळ्या पेट्या सारख्या दिसायला लागल्या. कोणी फार वर नाही, कोणी फार खाली नाही. डोकं चालेना. मी एकेक शंका काढत बसलो. कुठेतरी पराग देणारं झाड फुललं असेल? सासरे म्हणाले, ह्या दिवसांत नाही. माश्या चुकून दुसऱ्या पेटीत जात असतील? थोड्या जातील, पण पिल्लं थोडीच काखोटीला मारून नेणार. मग माझं पीठच बिघडलं असेल का? मी चमचाभर स्वतः खाऊन बघितलं. चव चांगली होती. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं, पण ते पिठाने की काळजीने, तेही कळलं नाही.

आणि एक दिवस कुंपणाकडच्या पेटीत एका चौकटीच्या डोक्यावर मला वाळलेला, आंबट वासाचा लपका दिसला. त्याला बटर पेपरचा कपटा चिकटला होता. माझ्याच बेकरीचा, निळ्या रेघांचा.

असं आहे होय! म्हातारबुवा उपाशी रांगेला चोरून खाऊ घालत होते. मी तरातरा घरात गेलो. सासरे खुर्चीत बसून जाळीच्या टोपीला टाके घालत होते.

“बाबा, खरं सांगा. बरणीतलं पीठ तुम्ही कुंपणाकडच्या पेट्यांना घालता ना?”

त्यांनी सुई थांबवली. “नाही.”

“माझ्या हाताला कपटा लागलाय.”

“बरणीला मी हात लावलेला नाही. शपथ घालायची तर घाला.”

म्हाताऱ्याला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलायला गेले की कान लाल होतात, आणि कान तर नेहमीसारखेच होते. मी बरणीवर पेनने खूण करून ठेवली. पुढचे दिवस खूण जागच्या जागी राहिली आणि कुंपणाकडची पिल्लं वाढतच राहिली. आता मात्र मला स्वतःच्याच डोक्याची शंका यायला लागली. बायको गेल्यावर पहिले काही महिने मी गॅस बंद केला की नाही हे तीनतीनदा बघायचो. तसं काही परत सुरू झालं की काय? झोपेत मीच तर जात नाही ना गोळे घेऊन?

मग एका सकाळी बेकरीची भट्टी बंद पडली आणि मालकीणबाईंनी आम्हाला लवकर घरी पाठवलं. मी मागच्या दाराने आलो. सासरे जाळीची टोपी घालून भिंतीकडच्या पेटीपाशी वाकले होते. त्यांनी एक भरलेली चौकट बाहेर काढली, दोन्ही बाजूंनी नीट न्याहाळली, राणी त्यावर नाही ना ते पाहिलं. मऊ कुंचल्याने मोठ्या माश्या परत पेटीत झटकल्या. मग ती पिल्लांनी भरलेली चौकट दोन्ही हातांनी समोर धरून, पायाखाली बघत, हळूहळू कुंपणापर्यंत गेले आणि तिथल्या पेटीत उतरवली. तिथली रिकामी चौकट आणून भिंतीकडे लावली. काम झाल्यावर दोन्ही झाकणांवर एकेक थाप मारली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा. कुंपणाकडे पीठ गेलंच नव्हतं. पीठ खाऊन वाढलेली पिल्लंच चौकटीसकट गेली होती, आणि डोक्यावरचा लपका त्यांच्याबरोबर.

“बाबा!”

ते दचकले नाहीत. “आलात? लवकर आलात आज.”

“हे काय चाललंय?”

“काय म्हणजे? भरल्या पेटीतली एक चौकट हलक्या पेटीला द्यायची. आयुष्यभर देतोय. सगळेच पेटीवाले देतात.”

“अहो पण प्रयोग! ही रांग उपाशी ठेवायची होती!”

“उपाशी ठेवायचं तुमचं आणि थोरलीचं ठरलं. मी काही दिलं नाही त्यांना. खायला दिलं नाही.”

“पिल्लं दिलीत! त्याने सगळ्या पेट्या सारख्या झाल्या. आता ताई येऊन काय बघणार? फरकच दिसणार नाही!” माझा आवाज चढला होता. “आणि फरक दिसला नाही तर तुम्हाला जावं लागेल. कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय की.”

“मग? जायचंय की काय तुम्हाला?”

हे मी रागाच्या भरात बोललो. उत्तर अपेक्षितच नव्हतं. सासऱ्यांनी टोपी काढली, घामाने चिकटलेले केस मागे सारले आणि अंगणात पालथ्या पडलेल्या एका जुन्या, मोडक्या पेटीवर बसले.

“हो,” ते म्हणाले. “जायचंय.”

मी त्यांच्या कानांकडे बघितलं. कान लाल नव्हते.

“गुडघे गेलेत माझे, जावईबापू. पेटी उचलली की दोन दिवस मांडी वळत नाही. थोरलीची पोरगी आता बोलायला लागलीय, फोनवर ‘आबा या’ म्हणते. गेल्या वर्षी पेट्या मेल्या तेव्हा वाईट वाटलं मला. पण त्या दिवशी झोप मात्र लागली चांगली. म्हटलं, चला, जायला कारण मिळालं. आणि मग तुम्ही त्या बरण्या घेऊन आलात.”

“मग दोन वर्षं गेला का नाहीत?”

“तुम्हाला एकटं टाकून?” ते म्हणाले, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. “थोरली दर रविवारी बोलवायची, मी दर रविवारी सांगायचो, जावयाचं बस्तान बसू दे, मग येतो. पोरगी गेली माझी, पण तुम्ही... तुम्ही ताट घेऊन बसता आणि जेवायचं विसरता. ते पीठ करायला लागलात तेव्हा जरा माणसात आलात. मग कोणत्या तोंडाने सांगू की मला नको आहे हे?”

मी सांगायला तोंड उघडलं की अहो, मी तुमच्यासाठी थांबलोय! तुमच्यासाठी लोकांची बोलणी खातोय!  पण ते खरं नव्हतं. म्हातारा सातव्या मजल्यावर काय करेल, ही माझी काळजी नव्हतीच. तो गेल्यावर मी काय करेन, ही होती. हे मला त्या क्षणी, उन्हात उभं राहून कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

“म्हणजे चौकटी मुद्दाम हलवल्यात?” मी विचारलं. “प्रयोग फसावा म्हणून?”

त्यांनी टोपीची चुरगळलेली जाळी सरळ केली. “नाही हो. हलकी पेटी दिसली की हात जातो. डोळ्यांदेखत कसं मरू द्यायचं?” मग जमिनीकडे बघत म्हणाले, “थोडंसं मुद्दामही असेल. मला नाही सांगता येत.”

रविवारी ताई आली. आल्या आल्या तिने टोपी मागितली आणि एकेक पेटी उघडून बघितली. मी माश्या शांत करायचं धुराचं भांडं धरून उभा होतो, सासरे मागे. तिने भिंतीकडच्या चौकटी मोजल्या, कुंपणाकडच्या मोजल्या, पुन्हा भिंतीकडे गेली. मग टोपीची जाळी वर करून म्हणाली, “जगल्यात सगळ्या. पण फरक काही नाही. दोन्ही रांगा सारख्याच.”

आता मी सांगायला हवं होतं की अहो ताई, पाच पेट्यांचं पीठ दहा पेट्यांनी खाल्लंय. कुंपणाकडच्या रांगेत एकही पिल्लू त्यांचं स्वतःचं नाही. गेल्या वर्षी निम्म्या मेल्या आणि यंदा एकही नाही, ते माझ्या बरणीमुळे. तिला ते लगेच पटलं असतं, तपासणीतली बाई आहे ती. म्हाताऱ्याने दिलेला शब्द पाळला असता आणि तो इथेच राहिला असता, दुखऱ्या गुडघ्यांसकट, माझ्या समोरच्या खुर्चीत.

सासरे पुढे झाले. खरं ते सांगून टाकणारा माणूस. “अगं, ते पीठ तसं...”

“निकामी निघालं,” मी म्हणालो. “माझं पीठ निकामी निघालं, ताई. फरक नाही. बाबा, तुम्ही बॅग भरायला घ्या.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ह्या माणसाला काय झालं, असं बघितलं. मी धुराच्या भांड्यात उगाच पालापाचोळा कोंबत राहिलो. मग त्यांना समजलं असावं, कारण ते एकदम वळले आणि घराकडे चालायला लागले. तसल्या गुडघ्यांनी इतक्या भरभर गेले की खरं सांगतो, मला राग आला. थोडं रेंगाळायला काय जात होतं?

बॅग अर्ध्या तासात तयार. कोणते कपडे, कोणत्या गोळ्या, नातीसाठी मधाची बाटली, सगळं त्यांच्या डोक्यात आधीपासून असल्यासारखं. निघताना ताई मला म्हणाली, “तुम्हीही चला चार दिवस.” मी बेकरीचं कारण सांगितलं. सासऱ्यांनी गाडीत बसण्याआधी तीनदा विचारलं, “मी जाऊ ना?” लहान मूल परवानगी मागतं तसं. तिन्ही वेळा मी म्हणालो, “जा की.” तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “जेवत जा रे वेळेवर.” मग पुढच्या सीटवर बसले आणि खिडकीची काच खाली करायला त्यांना जमेना, ती ताईने करून दिली. गाडी वळेपर्यंत ते काहीतरी बोलत होते, मला ऐकू आलं नाही.

मी घरात आलो. चहा टाकला, दोघांचा टाकला, मग निम्मं पाणी ओतून दिलं. मनात म्हटलं, जावई म्हणून ह्या घरात राहत होतो, आता सासरा नाही, बायको नाही, मग मी इथे कोण? आणि मग अगदी साधी गोष्ट लक्षात आली. तिचा बाप समोरच्या खुर्चीत बसलेला होता तोवर हे तिचं माहेर होतं. बाप माहेरी असला म्हणजे पोरगी केव्हातरी दारात उभी राहणारच, असं मी कुठेतरी धरून बसलो होतो. दोन वर्षं मी जावई म्हणून चहा पीत होतो आणि ती शेजारच्या घरातून यायचीच बाकी होती.

ती येणार नव्हती. आता बापही नव्हता. चहा उतू गेला, मी गॅस बंद केला, आणि ओट्याखाली फरशीवर बसून तिच्यासाठी पहिल्यांदा रडलो, मोठ्याने, पलीकडच्या खोलीत कोणी ऐकेल याची काळजी न करता.